तिथीची पाऊणपट: कोळीवाड्यातून आणि पाड्यातून परिसर शिकवताना

ज्यांचं काम भरती-ओहोटीवर, पावसावर आणि जंगलावर चालत आलं, अशी माणसं मुंबईतल्या जवळपास प्रत्येक शाळेपासून तास-दीड तासावर राहतात. वरळी, वेसावे, खारदांडा, माहीम, मढ, गोराई, ट्रॉम्बे इथले कोळी. आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवरचे वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी. (किनाऱ्यावरचे सोनकोळी आणि डोंगरातले मल्हार कोळी किंवा महादेव कोळी हे वेगवेगळे समाज आहेत. शाळेच्या फलकावर हा घोळ नेहमी होतो.) शाळा त्यांच्याकडे वळते ती बहुधा स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी, नाहीतर मडक्यावर त्रिकोणी माणसं रंगवण्यासाठी. त्यातून परिसर शिकून होत नाही.

इथे दिलेली पद्धत तिसरी ते सातवीच्या मुलांसाठी आहे. जाणत्या माणसाचं एक विधान घ्यायचं, ते मुलांनी काही आठवडे स्वतः पडताळायचं आणि जमलेल्या नोंदी घेऊन पुन्हा त्याच माणसाकडे जायचं. एका सत्रात एकच विधान पुरे. चार विधानं घेतली की चारही तक्त्यावर चिकटवण्यापुरती उरतात.

विधान निवडताना

विधान डोळ्यांनी पाहता किंवा मोजता येईल असं हवं. दोन ते सहा आठवड्यांत काहीतरी हाती लागायला हवं. आणि ते पुस्तकातून न घेता कुणा माणसाच्या तोंडून आलेलं हवं, म्हणजे शंका आली तर विचारायला माणूस असतो.

‘कावळ्याने घरटं झाडाच्या उंच टोकाला बांधलं तर पाऊस कमी’ हे विधान शिक्षकांना फार आवडतं, पण पहिल्या वर्षासाठी ते वाईट. एका वर्षात पाऊस एकदाच कमी किंवा जास्त पडतो, म्हणजे सगळ्या वर्गाच्या मेहनतीतून एकच नोंद मिळते. त्यासाठी शाळेने कायमची वही ठेवावी. दर मे महिन्यात आवारातली घरटी मोजायची, झाडाच्या उंचीच्या कितव्या भागात आहेत ते लिहायचं आणि वही पुढच्या वर्गाकडे द्यायची. दहा वर्षांनी त्यावर बोलता येईल.

पहिल्या वर्षासाठी सगळ्यात चांगलं विधान भरतीचं आहे.

भरतीचा हिशेब

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हा हिशेब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून चतुर्थीचे तीन पहाटेचेही आणि दुपारचेही. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. चौथीच्या मुलाला पाऊणपट येते, त्यामुळे वर्गातच सुरुवात करता येते.

पहिला तास कॅलेंडर घेऊन करा. प्रत्येक गटाला पंधरवडा वाटून द्या आणि पंधराही तिथींच्या वेळा काढायला सांगा. इथे तीन चुका हमखास होतात. पंचांगात अमावास्येसमोर ३० आकडा असतो. मुलं तिसाची पाऊणपट करून साडेबावीस आणतात. कृष्ण पक्षातही तिथी १ ते १५ अशीच मोजायची, हे आधी सांगून ठेवा. दुसरी गोष्ट, तिथी मध्यरात्री बदलत नाही. ती सरासरी २३ तास ३७ मिनिटांची असते आणि दिवसाच्या कुठल्याही वेळी संपते. म्हणून ज्या वेळी पाण्याकाठी उभं राहायचं त्या वेळी कोणती तिथी चालू आहे ते पाहा. तिसरी चूक क्षयतिथीची: एखादी तिथी कॅलेंडरवरून गायब दिसली की मुलांना वाटतं छपाईची चूक आहे. तसं नसतं: ती तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपलेली असते.

मग प्रत्यक्ष मोजणी. सकाळच्या शाळेने शुद्ध किंवा वद्य त्रयोदशी घ्यावी (हिशेबाने पावणेदहा), दुपारच्या शाळेने चतुर्थी (तीन). हिशेबाच्या वेळेआधी दीड तास पोहोचायचं आणि नंतर दोन तास थांबायचं. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद, म्हणजे पंधरा नोंदी होतात. सहलीला गेल्यासारखं अर्ध्या तासात उरकलं तर पाणी चढतंय एवढंच दिसतं, आणि ते मुलांना आधीच माहीत असतं.

जागा म्हणजे बंदराच्या किंवा धक्क्याच्या पायऱ्या, शक्यतो खाडीच्या आतल्या बाजूला, जिथे लाटा कमी असतात. खडकांवर मुलांना नेऊ नका. शेवाळावर पाय घसरतो आणि चढत्या भरतीत मागची वाट कधी बंद झाली ते कळत नाही. जून ते सप्टेंबर हा प्रयोग करायचाच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. वीस मुलांमागे किमान तीन मोठी माणसं, त्यातलं एक स्थानिक.

साधनं साधी: टेप, खडू, घड्याळ, वही आणि दहा-दहा सेंटिमीटरवर रंगाने खुणा केलेला दोन मीटरचा बांबू. आधी एका पायरीची उंची मोजून घ्या. मग किती पायऱ्या बुडाल्या आणि सर्वांत वरच्या ओल्या पायरीवर पाणी कुठवर आलं ते बांबूने मोजा. पाणी हलत असतं, म्हणून एका नोंदीसाठी सलग तीन लाटांचा वरचा आणि खालचा आकडा घेऊन सरासरी काढा. ही पायरी गाळली तर आलेख करवतीच्या दात्यांसारखा येतो आणि मुलं हिरमुसतात.

भरतीचा माथा सपाट असतो. अर्धा तास पाणी जवळजवळ हलत नाही, त्यामुळे ‘नेमकी पूर्ण भरती कधी’ यावर भांडणं होतात. त्याला एक युक्ती आहे. चढताना पाणी ज्या पायरीला ज्या वेळी लागलं ती वेळ लिहा, उतरताना त्याच पायरीवर कधी आलं ती लिहा, आणि दोहोंचा मध्य घ्या. अशा तीन पायऱ्यांचे मध्य काढले की वेळ दहा मिनिटांच्या आत पक्की होते.

शाळेत परत आल्यावर तीन वेळा शेजारी शेजारी लिहा: पाऊणपटीची, मुलांनी मोजलेली आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या वेळापत्रकातली. छापील वेळ अपोलो बंदराची असते. ठाण्याच्या खाडीत आत गेलात तर भरती उशिरा पोहोचते, तो फरक आधी वजा करू नका, मुलांनाच सापडू द्या.

खरी मजा पुढे आहे. पाऊणपटीचा तक्ता पौर्णिमेला सव्वाअकरा दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, एकदम पाऊण वाजता. म्हणजे चौदा दिवस रोज पाऊण तास सरकणारी भरती पंधराव्या रात्री दीड तास उडी मारते. समुद्र अशी उडी मारत नाही. हे मुलांना दाखवू नका, तक्ता फळ्यावर ठेवून ‘यात काही खटकतंय का?’ एवढंच विचारा. चाळीस मुलांत कुणीतरी पकडतंच. पंधरा तिथींत भरतीला पूर्ण बारा तास सरकायचं असतं, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणपट ४५ धरते. रोजची तीन मिनिटं साठत साठत पौर्णिमेपर्यंत पाऊण तास होतात.

इथे शिक्षकाची कसोटी लागते. ‘म्हणजे कोळ्यांचा हिशेब चुकीचा’ असं वर्ग ओरडेल. घाई करू नका, हा प्रश्न नाखवांकडे न्यायचा आहे. होडी काढणाऱ्याला भरतीचा मिनिट लागत नाही, पाणी चढायला लागलं की निघायचं एवढं त्याला कळावं लागतं. आणि चार पंचमांश तोंडी करून पाहा, मग पाऊणपटीची किंमत कळते. अंधारात, कागद-पेन्सिल नसताना चालणारा हिशेब तो. शिवाय ४८ मिनिटं हीसुद्धा सरासरीच आहे. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीच्या) दिवसांत भरती रोज पाऊण तासाच्या आसपास सरकते, तर अष्टमी-नवमीच्या भांगात, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, तासाहून जास्त. दोन वेगवेगळ्या आठवड्यांत मोजलेल्या गटांचे आकडे जुळणार नाहीत. ते जुळवून घेऊ नका.

पुढच्या भेटीसाठी मुलांनी स्वतः काढलेले प्रश्न याच नोंदींतून येतात. सर्वांत उंच पाणी पौर्णिमेलाच असतं का? (नाही, सहसा एक-दोन दिवसांनी.) डोल लावणाऱ्याला उधाण बरं की भांग? डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं. ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात आणि पाण्याच्या ओढीनेच ते फुगतं. बोंबील, जवळा, कोलंबी त्यात येतात. ओढ कुठल्या दिवशी जास्त, हे मुलं आपल्या आलेखाच्या चढावरून सांगू शकतात. एका तासात पाणी किती पायऱ्या चढलं ते त्रयोदशीला आणि नवमीला मोजा.

माणसाला बोलावताना

वेळ त्यांच्या कामाने ठरते. मासळी विकणाऱ्या मावशी सकाळी बंदरावर किंवा बाजारात असतात, तेव्हा त्यांना शाळेत बोलावणं म्हणजे दिवसाची कमाई बुडवणं. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. जाळी दुरुस्त करण्याचे ते दिवस गप्पांसाठी चांगले. पाड्यावर उलट: जून-जुलैत भाताची लावणी आणि दिवाळीच्या आसपास कापणी, तेव्हा जाऊ नका. मुंबईतल्या पाड्यावरची बरीच माणसं नोकरी करतात, त्यांच्यासाठी रविवार. पाहुणे पारंपरिक पोशाखात येतील ही अपेक्षा ठेवू नका आणि तसं सुचवूही नका.

मानधन आधी बोलून घ्या. बाहेरून आलेल्या संगणकतज्ज्ञाला शाळा जे देते तेवढं, आणि बुडालेल्या मजुरीपेक्षा कमी कधीच नाही. शाल-श्रीफळाने वाणसामान येत नाही.

मुलांना चार प्रश्न शिकवून ठेवा. हे तुम्ही कुणाकडून शिकलात? तुम्हाला कसं कळतं, म्हणजे काय बघता? हे कधी चुकतं? तुमच्या लहानपणापासून यात काय बदललं? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. ‘कधी चुकतं’ विचारलं की माणूस मोकळा होतो, कारण जो रोज ते ज्ञान वापरतो त्याला त्याच्या मर्यादा चांगल्या माहीत असतात. चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा भराव, सांडपाणी, प्लॅस्टिक, बांधकाम अशा दिशेने जातं. त्याला ‘विषयांतर’ म्हणून थांबवू नका.

शब्द ऐकू आला तसाच लिहा. उधाण, भांग हे छापील मराठीतले शब्द झाले. एखाद्या कोळीवाड्यात वेगळा शब्द मिळाला तर वहीत तो आधी आणि आपला नंतर.

औषधी वनस्पतींची माहिती मिळाली तर ती शाळेच्या समाजमाध्यमांवर टाकू नका. असं ज्ञान कुणी बाहेर नेऊन त्यावर पैसे करू नयेत आणि केले तर वाटा मिळावा, ही तरतूद २००२ च्या जैवविविधता कायद्यातही आहे. फोटो, रेकॉर्डिंग, नाव छापणं, प्रत्येकासाठी वेगळं विचारायचं. पाडा म्हणजे लोकांची घरं आहेत. वीस मुलांनी कुणाच्या ओटीवर चढून चूल बघायची नसते.

समुद्र लांब असेल तर: टाकळा

मुलुंड, भांडुप, कुर्ला, गोवंडी, कुठेही पहिल्या पावसानंतर मोकळ्या जागेत टाकळा ही रानभाजी उगवते. रानभाज्या विकायला पालघर, वसई, कर्जतकडून येणाऱ्या बायका दादर, बोरिवली, ठाणे स्टेशनबाहेर बसतात. त्यांच्याकडून ऐकायचं विधान असं: टाकळा कोवळा असतानाच खायचा, फुलावर आला की नाही.

आवारात किंवा शेजारच्या प्लॉटवर दहा रोपं निवडा आणि प्रत्येकाच्या बुंध्याशी रंगीत लोकर सैल बांधा. घट्ट बांधली तर खोड जाड होताना कापलं जातं. दर सोमवारी जमिनीपासून शेंड्यापर्यंत उंची, पानांची संख्या आणि कळी दिसते का ते लिहायचं. रखवालदाराला आणि गवत कापणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा आणि पाटी लावा. या प्रयोगाचा शेवट बहुतेक वेळा कोयत्याने होतो. दहा रोपं दोन ठिकाणी पाच-पाच ठेवली तर निदान अर्धी वाचतात.

टाकळ्याची पानं संध्याकाळी मिटतात. घराजवळ टाकळा असलेल्या मुलांनी सहा ते साडेसात दर पंधरा मिनिटांनी एकाच पानाचं चित्र काढावं. दुसऱ्या दिवशी दुपारी रोपावर बादली उपडी घाला: अंधार केला की पान मिटतं, की त्याला वेळ कळते? उत्तर आधी सांगू नका.

मुलांनी उपटलेला टाकळा खायचा नाही, हा नियम कडक ठेवा. रेल्वेलाइनच्या आणि नाल्याच्या कडेची माती सांडपाण्याने भरलेली असते, आणि नऊ वर्षांच्या मुलाची ओळख चुकू शकते. चाखायची ती बाजारातून आणलेली, विकणाऱ्या मावशींनी सांगितल्याप्रमाणे शिजवलेली भाजी.

शेवळं ही दुसरी रानभाजी मात्र मोठ्यांनीच हाताळायची. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नीट शिजवलं नाही तर घसा खाजतो, कापताना हातही. म्हणून हाताला तेल लावतात आणि भाजीत काकड या रानझाडाची आंबट फळं, चिंच किंवा आमसूल घालतात. ‘आंबट का घालतात?’ हा सातवीसाठी छान प्रश्न आहे, पण प्रयोग जिभेवर नाही, बोलण्यापुरता.

आणलेल्या भाज्यांचे नमुने दाबून ठेवायचे तर पावसाळ्यात वर्तमानपत्र पहिले चार दिवस रोज बदला, वर पाच-सहा किलो वजन ठेवा. तरी बुरशी येतेच. मग कागदावरून कोमट इस्त्री फिरवा. प्रत्येक नमुन्याखाली विकणारीने सांगितलेलं नाव, घरी वापरतात ते नाव, खायचा भाग आणि महिना. फोडशी या रानभाजीला कुणी कुलू म्हणेल. दोन्ही नावं ठेवा, ‘खरं’ नाव निवडायला बसू नका.

पाऊस मोजायचा असेल तर सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवा, वाचन रोज सकाळी साडेआठला घ्या, म्हणजे सांताक्रूझ आणि कुलाबा वेधशाळेच्या आकड्यांशी तुलना होते. बाटली कापून केलेलं मापक मुंबईत एका मुसळधार दिवसात भरून वाहतं, तेव्हा दुपारीही एकदा वाचा. नक्षत्रांची नावं (मृग, आर्द्रा, पुनर्वसू) तारखांच्या शेजारी लिहून ठेवली की गावाकडच्या आजी-आजोबांना फोन करायला विषय मिळतो.

जे पडताळायचं नसतं

वारली पाड्यांवर वाघोबाची (वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाची) स्थानं असतात आणि वाघबारशीला पूजा होते. हे विधान मोजपट्टीने तपासायचं नाही. ‘वाघोबा खरा आहे का’ असा वाद वर्गात झाला तर पाड्यावरून येणारं मूल दुसऱ्या दिवशीपासून गप्प बसतं. विचारायचं ते असं: ही श्रद्धा असलेली माणसं बिबट्याच्या शेजारी राहताना काय करतात? अंधारात एकट्या मुलाला बाहेर पाठवत नाहीत, बॅटरी घेऊन बोलत चालतात, दिसला तर त्याला वाट देतात.

त्याच्या जोडीला मोजता येण्यासारखं काम आहेच. मुंबईतल्या बिबट्याच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा असतो आणि कुत्री कचऱ्याभोवती जमतात. गोरेगाव, बोरिवली, मुलुंडच्या शाळांनी अर्ध्या किलोमीटरच्या परिसराचा हाताने नकाशा काढावा, कचऱ्याचे ढीग आणि त्याभोवतीची कुत्री सलग तीन दिवस सकाळी त्याच वेळी मोजावीत. कुत्र्यांजवळ जाऊ नये, रस्त्याच्या पलीकडून मोजावं. तीन दिवसांची सरासरी घ्यावी. एका दिवसाचा आकडा कचऱ्याची गाडी कधी आली त्यावर अवलंबून असतो.

वारली चित्र शिकवायचंच असेल तर शेवटी, आणि ते लग्नाच्या चौकातून (लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकटीतून), त्यातल्या पालघट देवीपासून सुरू होतं एवढं तरी सांगून. तोवर मुलांकडे स्वतःची पाहणी असते: पायऱ्या चढणारं पाणी, मिटलेला टाकळा, कचऱ्याजवळची कुत्री. पांढऱ्या रंगात ते काढू द्या. तयार त्रिकोण गिरवायला देऊ नका.

वही परत नेताना

तीन भेटी धरून चाला: ऐकण्याची, मोजण्याची आणि परत सांगण्याची. तिसरी भेट शाळा बहुतेक वेळा गाळतात, कारण तोवर परीक्षा आलेली असते. म्हणून तिची तारीख पहिल्याच भेटीत ठरवा आणि मुख्याध्यापकांकडून सही घ्या.

नेताना झेरॉक्स नेऊ नका, मूळ वही न्या आणि मुलांनी मोठ्याने वाचून दाखवावी. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला लिहिता-वाचता येतं हे विचारण्याची गरजच पडत नाही. आकड्यांआधी वाक्य यावं: ‘तुम्ही म्हणालात नऊ पंचेचाळीस, आम्हाला मिळालं इतकं.’ मग थांबावं. ते जे म्हणतील ते त्याच पानावर, त्याच आकड्याखाली, त्यांच्या शब्दांत उतरवून घ्यावं. पौर्णिमेच्या उडीचा प्रश्न याच वेळी विचारायचा.

डोलवाल्यांकडे जायचं असेल तर तारीख अष्टमी-नवमीची घ्या. भांगात पाण्याला ओढ कमी असते आणि नाखवांना बसायला वेळ असतो.